चौथी पिन

बाबा : गेला?

ठमी : गेला. पडदा काळा, पंखे गप्प. साडेतीन मिनिटं, बाबा! सकाळी निदान दहा मिनिटं तरी चालत होता.

बाबा : म्हणजे लवकर दमायला लागलाय. वय झालं की होतं असं.

ठमी : विनोद नको. खरं सांगा, काल मी स्टुडिओत गेल्यावर या कॉम्प्युटरला कुणी हात लावला?

बाबा : हात म्हणजे... धूळ पुसली असेल कुणी.

ठमी : झाकणाचे स्क्रू बघा. चारही स्क्रूंच्या फुल्या अगदी एकसारख्या सरळ. जगात एकच माणूस असे स्क्रू लावतो आणि तो आत्ता माझ्यासमोर स्टुलावर बसलाय.

बाबा : वाकडे स्क्रू मला बघवत नाहीत. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ही खोड आता चितेवरच जाणार.

ठमी : म्हणजे तुम्हीच. काय केलंत आत?

बाबा : प्रोसेसर बदलला.

ठमी : काय बदलला?

बाबा : प्रोसेसर. जुना काढला, ताकदीचा बसवला. आज जेवताना सांगणारच होतो तुला. तू एक प्रकरण साफ करायला लावतेस आणि चाळीस मिनिटं हनुवटीवर हात ठेवून पडद्याकडे बघत बसतेस. म्हटलं, पोरीची हनुवटी झिजायची.

ठमी : बाबा, संध्याकाळी सहाला अख्ख्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग पाठवायचंय. नऊ प्रकरणं. सात झालीत. वाचणाऱ्या बाईंनी तीन आठवडे घसा फोडलाय त्याच्यासाठी. आणि तुम्ही आदल्या दिवशी...

बाबा : मला काय माहीत आजच सहाला पाठवायचंय ते?

ठमी : परवा जेवताना दोनदा सांगितलं!

बाबा : हो का? असेल. मी तेव्हा पापड खात... बरं, ते जाऊ दे. जुना परत बसवू का? डबीत कापसावर ठेवलाय. अर्ध्या तासात बसवतो.

ठमी : नको! आता कुणी कशालाही हात लावायचा नाही. कुठून घेतलात हा?

बाबा : चौकापलीकडे ती संगणकवाली आहे ना, कोपऱ्यातलं दुकान. हुशार पोरगी आहे. मी जुन्या मशीनचा नंबर कागदावर लिहून नेला होता. तिनं दोनदा ताडून बघितला आणि मगच दिला.

ठमी : लावा तिला फोन. स्पीकरवर ठेवा.

दुकानवाली : बोला काका! धावतंय का मशीन?

बाबा : धावतंय, पण पळपुट्यासारखं. थोडं धावतं आणि गायब होतं.

ठमी : नमस्कार. मी यांची मुलगी. चालू केलं की तीन-चार मिनिटांत फटकन बंद पडतंय. काही सूचना नाही, काही नाही. माझं काम अडकलंय, सहाची वेळ आहे. तुम्ही येऊ शकाल का इकडे?

दुकानवाली : ताई, दुकानात मी एकटी आहे आणि समोर चार माणसं उभी आहेत. मला सातच्या आत हलता येणार नाही. पण फोन चालू ठेवा, बघू आपण. आधी घाबरू नका. मशीन स्वतःहून बंद पडतंय ना, म्हणजे ते स्वतःला वाचवतंय. आत काही जळालेलं नसणार.

ठमी : नक्की?

दुकानवाली : जळालं असतं तर पुन्हा चालूच झालं नसतं. पहिल्यांदा दहा मिनिटं आणि नंतर कमी कमी होत गेलं, असंच ना?

ठमी : अगदी तसंच.

दुकानवाली : मग दोनच संशयित. एक तर वीज पुरत नाही, नाहीतर डोकं तापतंय. काका, मी तुम्हाला म्हटलं होतं, बसवून देते, मशीन घेऊन या.

बाबा : मी म्हटलं होतं, मुंगीच्या पायाएवढी चाकं बसवलीत मी. हा तर बिस्किटाएवढा आहे.

दुकानवाली : ते खरं आहे. ताई, मशीन चालू करा आणि सुरुवातीलाच सेटिंगच्या पानावर जा. निळं पान येईल. पुढे जाऊ नका, तिथंच थांबा.

ठमी : आलं निळं पान.

दुकानवाली : तापमान किती दाखवतंय?

बाबा : सामान? सामान सगळं टेबलावरच आहे, पोरी. जुना प्रोसेसर, पेस्टची नळी, कापूस, माझा चिमटा...

ठमी : तापमान, बाबा. तापमान.

बाबा : हां, तापमान. हिचा फोन जरा बोबडा बोलतो.

ठमी : एकसष्ट. आता चौसष्ट. अहो, हे भराभर चढतंय. सत्तर. पंचाहत्तर!

दुकानवाली : काही काम न करता? नुसतं पान उघडं ठेवून?

ठमी : नुसतं पान. ब्याऐंशी.

दुकानवाली : पंखा फिरतोय का?

बाबा : गरगर. नुसता भोवरा झालाय.

ठमी : एक्क्याण्णव. शहाण्णव. गेला!

दुकानवाली : जाणारच. ताप डोक्यात गेलाय. आता भिंतीवरचं बटण बंद करा, बॅटरीचा डबा असेल तर तोही. झाकण काढा.

बाबा : काढलं.

ठमी : एवढ्यात?

बाबा : सरळ लावलेले स्क्रू निघतातही पटकन.

दुकानवाली : एकदा विजेचंही बघून टाकू, नंतर शंका नको. काका, कॅबिनेटच्या कोपऱ्यात पत्र्याचा चौकोनी डबा आहे, जाड वायरी निघतात तो. त्याच्यावर स्टिकर असेल. किती वॅटचा आहे? अक्षरं फार बारीक असतात, ताईंना मोबाईलचा उजेड धरायला सांगा.

बाबा : उजेड कशाला? चारशे पन्नास. खाली बनवल्याची तारीख आहे, आणि त्याखाली लिहिलंय की हा डबा उघडू नये, आत वापरणाऱ्यानं दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हे मात्र मला पटत नाही.

दुकानवाली : चारशे पन्नास भरपूर झाले. विजेची केस मिटली.

ठमी : बाबा.

बाबा : काय?

ठमी : मी इथं टॉर्च लावूनही मला ते स्टिकर नुसतं करडं दिसतंय. तुम्ही चष्म्याशिवाय वाचलंत.

बाबा : सवयीनं वाचता येतं.

ठमी : घड्याळाचं दुकान बंद केलंत तेव्हा म्हणालात, डोळे दमले.

बाबा : ते... चढउतार असतो डोळ्यांचा. ती पोरगी खोळंबलीय, तिचं बघ आधी. काय गं, पुढं काय?

दुकानवाली : पुढं असं. काका, प्रोसेसरवर पंखा आहे, पंख्याखाली पांढऱ्या धातूच्या पात्यांचा ठोकळा आहे. त्या पात्यांना बोट लावा. जपून, पोळेल.

बाबा : लावलं.

दुकानवाली : पोळलं?

बाबा : थंडगार आहे, गं. उन्हाळ्यात गालाला लावावं असं.

दुकानवाली : सापडला चोर!

ठमी : कसा काय? थंड आहे म्हणजे चांगलंच ना?

दुकानवाली : नाही ना, ताई. चूल भडकलीय आणि वरचं पातेलं थंड आहे, याचा अर्थ काय? पातेलं चुलीवर बसलेलंच नाही! प्रोसेसरची उष्णता त्या ठोकळ्यात जायला हवी आणि पंख्यानं ती उडवायला हवी. इथं ती ठोकळ्यात पोचतच नाही. दोघांच्या मध्ये पेस्ट लावली होती का, काका?

बाबा : लावली. तू म्हणालीस तांदळाएवढी. तांदूळसुद्धा मला जास्तच वाटला. घड्याळात सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल घालतात, त्याहून जास्त घातलं की घड्याळ आळशी होतं.

दुकानवाली : मग किती लावलीत?

बाबा : तीळभर.

दुकानवाली : काका!

बाबा : मोठा तीळ होता.

दुकानवाली : बरं, पेस्ट परत लावू. पण नुसत्या पेस्टनं एवढी आग नाही लागत. त्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार पाय आहेत, काळ्या प्लास्टिकच्या पिना. ताई, एकेक पिन चिमटीत धरून हलवून बघा बरं.

ठमी : पहिली घट्ट. दुसरी घट्ट. तिसरीही. चौथी... ही डुगडुगतेय. दुधाच्या दातासारखी.

दुकानवाली : हां! ती बोर्डात घुसलेलीच नाही. एक पाय हवेत, म्हणून ठोकळा कलंडलाय. काका, पिना दाबताना प्रत्येक पिनेला टक असा आवाज यायला हवा होता. चारदा आला होता ना?

बाबा : आला होता.

दुकानवाली : चारही वेळा?

बाबा : आला असेल.

ठमी : असेल म्हणजे? आला की नाही?

बाबा : बोटांना कळतं, ठमे. बोटांनी सांगितलं, बसल्या. आता तू उलटतपासणी घेणार आहेस की काम करणार आहेस? दोन वाजत आलेत.

दुकानवाली : आधी काम. ताई, चारही पिनांची डोकी बाणाच्या दिशेनं फिरवा, वर ओढा, पंखा उचला. पेस्ट कुठं कुठं पसरलीय?

ठमी : एका बाजूला डाग आहे. दुसरी बाजू कोरी.

दुकानवाली : बघा, कलंडलेला होता. दोन्हीकडची पेस्ट पुसून घ्या.

बाबा : आण इकडं. पुसणं माझ्यावर सोड. असं पुसतो की आरसा होईल.

ठमी : पुसा. पण आता पेस्ट मी लावणार.

बाबा : लाव बाई. तांदूळ लाव, वाल लाव, काय हवं ते लाव.

ठमी : लावली. तांदळाएवढी.

दुकानवाली : आता कॅबिनेट आडवं झोपवा. पंखा सरळ खाली ठेवा, पिना भोकांवर येऊ द्या. आणि समोरासमोरच्या पिना दाबायच्या, शेजारच्या नाहीत. काका एक दाबतील, त्याच्या तिरक्या समोरची ताईंनी दाबायची. एकदम. जोरात दाबा, घाबरू नका, बोर्ड थोडा वाकतो.

ठमी : बाबा, तयार? एक, दोन, तीन!

दुकानवाली : हं, दोन टक आले. एकाच वेळी. झकास. आता उरलेल्या दोन.

ठमी : एक, दोन, तीन! माझी बसली. तुमची?

बाबा : बसली.

दुकानवाली : नाही बसली. एकच टक आला. काका, अजून दाबा.

बाबा : अगं बसलीय, पोरी. मी बोटानं...

ठमी : बाबा, नाही बसली. दाबा अजून.

बाबा : हे बघ, दाबतोय.

दुकानवाली : आला! हा आला बघा चौथा. मस्त.

बाबा : कुठं आला?

ठमी : आत्ता, बाबा. तुमच्या अंगठ्याखाली. मोठ्यानं आला.

बाबा : ...आला का?

ठमी : ती चौकापलीकडून फोनवर ऐकतेय. तिला ऐकू आला. तुमचं नाक कॅबिनेटमध्ये आहे.



ठमी : काल संध्याकाळी मी सहा वेळा बेल वाजवली. शेवटी खिडकीवर थापा मारल्या. तुम्ही म्हणालात, झोप लागली होती.

बाबा : झोप कसली. हाच पंखा बसवत होतो.

ठमी : कधीपासून?

बाबा : झालं दीडेक वर्ष. माणसाचं बोलणं कळतं गं. बारीक आवाज तेवढे गेलेत. टक, टिक, टुक, असले.

ठमी : म्हणजे दुकान त्यामुळं बंद केलंत?

बाबा : घड्याळ डोळ्यांनी उघडतात आणि बोटांनी जुळवतात, पण चालतंय कसं ते कानच सांगतो. एक बाई आल्या होत्या, त्यांच्या वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन. सेकंदकाटा नव्हता त्याला. मी साफ केलं, तेल दिलं, चावी दिली, कानाला लावलं. काही नाही. परत उघडलं. असं तीनदा केलं. शेवटी त्या बाईंना म्हटलं, माफ करा, हे आता चालायचं नाही. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, आपल्या कानाला धरलं आणि म्हणाल्या, अहो, हे तर चालतंय की! इतक्या खूश झाल्या! त्यांना वाटलं, मी थट्टा केली.

ठमी : आणि तुम्ही?

बाबा : मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली.

ठमी : मग आम्हाला डोळ्यांचं का सांगितलंत?

बाबा : डोळे दमले म्हटलं की माणसं जवळ येऊन हात धरतात. कान गेले म्हटलं की लांबूनच ओरडायला लागतात.

ठमी : मी ओरडले असते?

बाबा : तू आत्ताच ओरडतेयस.

ठमी : मी... हो. सॉरी. पण बाबा, मी दिवसभर करते काय? आवाजाचं काम! सगळ्या दुनियेचे आवाज दुरुस्त करते, आणि तुम्ही असं दीड वर्ष...

बाबा : म्हणूनच नाही सांगितलं. चांभाराच्या घरात फाटकी वहाण, लोक हसले असते तुला.

दुकानवाली : काका, एक बोलू का? फोन अजून चालू आहे माझा. विसरून नाही, मुद्दामच ठेवला नव्हता.

बाबा : बोल बाई. तू तरी का मागं राहतेस?

दुकानवाली : माझी आई दोन वर्षं असंच करायची. काही विचारलं की नुसती हसायची. आता कानात यंत्र बसवलंय, शेंगदाण्याएवढं. एकच तोटा झालाय, मी दुकानात गिऱ्हाइकाशी हळू आवाजात काय बोलते ते तिला माळ्यावर ऐकू जातं.

बाबा : कानात यंत्र घालून फिरायचं म्हणजे...

ठमी : ऐका हो! जन्मभर यंत्रांवर जगलेला माणूस यंत्राला नावं ठेवतोय.

बाबा : ती यंत्रं मी उघडायचो. हे मला उघडू देणार नाहीत.

दुकानवाली : आधी तपासणी तर करून घ्या, उघडायचं नंतर बघू. ताई, बटण चालू करा आता. निळं पान.

ठमी : आलं. अडतीस.

बाबा : अडतीस! मगाशी एकसष्ट होतं ना?

ठमी : एकोणचाळीस. चाळीस. चाळीस. अजून चाळीस.

दुकानवाली : पाच मिनिटं तसंच राहू दे. मी एवढ्यात या भाऊंना माऊस दाखवते. हां, बोला भाऊ, वायरचा की बिनवायरचा?

बाबा : ठमे, रागावलीस का?

ठमी : प्रोसेसरसाठी की कानासाठी?

बाबा : जे मोठं असेल त्यासाठी.

ठमी : प्रोसेसरसाठी थोडीशी. मला विचारायला हवं होतं.

बाबा : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. सहा महिने झाले मला इथं येऊन. तू मला भाजी निवडू देत नाहीस, कपडे घडी करू देत नाहीस. म्हटलं, एक तरी काम आपल्या हातचं करावं या घरात.

ठमी : तुम्ही दमाल म्हणून...

बाबा : बसून जास्त दमतो मी.

ठमी : बरं. उद्यापासून घड्या तुमच्या. पण चादरींच्या कडा जुळवायला भिंग घेऊन बसायचं नाही.

बाबा : ते मी कबूल करणार नाही.

दुकानवाली : आले. किती झालं?

ठमी : एक्केचाळीस. सहा मिनिटं झाली आणि हललेलं नाही!

दुकानवाली : मग आता खरं काम द्या त्याला. पळू द्या. तापमान बघायची खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवा. ऐंशीच्या आत राहिलं की देव पावला. आणि काही झालं तर मी सातपर्यंत इथंच आहे. काका, परत कधी पंखा काढाल तेव्हा मला फोन लावूनच बसवा. टक मी ऐकेन.

बाबा : लबाड आहेस. ये एकदा चहाला.

ठमी : थँक्यू हं. खूप थँक्यू. ठेवते.

बाबा : लाव तुझं आठवं प्रकरण. मी घड्याळ लावतो.

ठमी : लावलं. चौसष्ट. सहासष्ट. थांबलं तिथंच. सहासष्ट.

बाबा : तू बघू नकोस सारखं. उकळत्या दुधाकडं बघितल्यासारखं बघतेयस. त्यापेक्षा त्या कानाच्या डॉक्टरचं सांग. सुई टोचतात का?

ठमी : सुई नाही हो. एका छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं.

बाबा : आणि नाही आला तर?

ठमी : तर नाही दाबायचं. अंदाजानं दाबायचं नाही, बाबा. तुम्ही नक्की अंदाजानं दाबणार.

बाबा : मी कुठं फसवतोय कुणाला?

ठमी : गुरुवारी सकाळी जाऊ. मी बरोबर येते.

बाबा : गुरुवारी? एवढ्या लगेच? बरं. गुरुवार तर गुरुवार... अगं, ते बघ. हिरवी पट्टी पूर्ण झाली. असं झालं म्हणजे काय?

ठमी : संपलं. बाबा, संपलं! किती वेळ?

बाबा : नऊ मिनिटं, बारा सेकंद.

ठमी : चाळीसचं नऊ?

बाबा : आता नाचू नकोस, टेबल हलतंय.

ठमी : नऊ मिनिटं! म्हणजे शेवटचं प्रकरणसुद्धा तीनच्या आत होईल, आणि मग सगळं एकदा नीट ऐकायला तीन तास हातात. तीन तास, बाबा! मला या कामात कधी तीन मिनिटं उरली नाहीत.

बाबा : मग आता कबूल कर, काम चांगलं केलं.

ठमी : पाऊण केलंत. चारातल्या तीन पिना तुमच्याच होत्या.

बाबा : हे बरं आहे. पाऊण तर पाऊण.

ठमी : इकडं या. हे हेडफोन घाला. नववं प्रकरण आहे, अजून साफ केलेलं नाही, वाचणाऱ्या बाई जशा वाचल्या तसंच. मी फक्त वरच्या पट्टीचे बारीक आवाज उचलून देते. किती ऐकू येतंय सांगा. खरं सांगा.

बाबा : बाईंचा आवाज येतोय. गोड आहे. थोड्या अनुनासिक आहेत.

ठमी : अजून चढवते. आता?

बाबा : हां... आता शब्दांना कडा आल्या. धुतल्यासारखे झाले. अगं, ही मध्येच श्वास घेते!

ठमी : घेणारच. जिवंत आहेत त्या.

बाबा : ते... ते काय होतं?

ठमी : काय?

बाबा : आत्ता. वाक्य संपल्यावर. काहीतरी सळसळलं.

ठमी : ते होय? त्यांनी पान उलटलं. असं कुठंकुठं राहून जातं, ते मी पुसून टाकते.

बाबा : पान उलटलं?

ठमी : हो. कागद वाजला.

बाबा : एवढ्यात पुसू नकोस, ठमे. एकदा परत लाव.